उत्तर देण्याची जागा : विद्यापीठातल्या जाहीर व्याख्यानांची समीक्षा



आजचा विषय थोडा उलटा आहे. या मालेत आपण राजकारणावर, अर्थकारणावर, शिक्षण धोरणावर व्याख्यानं ऐकतो. आज व्याख्यानावरच बोलायचं आहे. विद्यापीठं आणि महाविद्यालयं चालू प्रश्नांवर जी जाहीर व्याख्यानं ठेवतात ती कशाने चांगली होतात आणि कशाने फसतात, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे.

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याच्या मैफलीचीही होते. व्याख्यानाची होत नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'अमुक यांचे प्रतिपादन'. ते प्रतिपादन कशावर उभं होतं, त्यातलं काय टिकलं आणि काय गळून पडलं, हे कोणी लिहीत नाही. वास्तविक आपल्याकडे हा प्रकार जुना आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पुढे विद्यापीठांनी बहिःशाल शिक्षणाच्या नावाने व्याख्यानं गावोगावी नेली. दीडशे वर्षं एक प्रकार चालत आला, त्यावर एवढा वेळ आणि पैसा खर्च झाला, तर त्याचे काही निकष आपल्याजवळ असायला हवेत. ते आज थोडे मांडून बघू.

वर्ग, सभा आणि मधली जागा

सुरुवात माक्स वेबरपासून करू. १९१७ च्या नोव्हेंबरात म्यूनिकला विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने त्याला बोलावलं होतं. विषय होता, विज्ञान किंवा विद्या हे जीवनकार्य म्हणून. महायुद्ध चालू होतं, जर्मनीत वातावरण तापलेलं होतं, आणि प्राध्यापक मंडळी वर्गात राजकीय भाषणं करत होती. वेबरचं म्हणणं साधारण असं: राजकारण वर्गात नको. जाहीर सभेत आपली बाजू उघडपणे घ्या, ते कर्तव्यच आहे. पण वर्गात शिक्षक बोलतो आणि विद्यार्थ्याला गप्प बसावं लागतं, त्याच्या हातात परीक्षा असते, म्हणून तिथे स्वतःची मतं लादणं हा बेजबाबदारपणा आहे.

वेबरचं हे म्हणणं पुष्कळदा चुकीच्या अर्थाने वापरलं जातं. 'प्राध्यापकांनी राजकारणावर बोलू नये' असा त्याचा अर्थ लावला जातो. खुद्द वेबर १९१९ च्या जानेवारीत त्याच विद्यार्थ्यांपुढे राजकारण या विषयावर बोलला. त्याचा मुद्दा विषयाचा नव्हताच. त्याचा मुद्दा होता, समोरच्याला उत्तर देता येतं की नाही. वर्गात येत नाही, सभेत येतं.

आता बघा, विद्यापीठातलं जाहीर व्याख्यान या दोन्हींमध्ये कुठे बसतं? ते वर्ग नाही, कारण परीक्षा नाही, हजेरी नाही, निदान असू नये. ती निवडणुकीची सभाही नाही, कारण तिथे मतं मागायला कोणी उभं नाही. ही मधली जागा आहे. वक्त्याला वर्गातल्यापेक्षा जास्त मोकळीक, म्हणजे तो बाजू घेऊ शकतो. आणि त्याच्यावर सभेतल्यापेक्षा जास्त बंधन, म्हणजे त्याला कारणं द्यावी लागतात आणि प्रश्न घ्यावे लागतात. ही दोन्ही टोकं सांभाळली तरच त्या प्रकाराला अर्थ राहतो.

आपल्या परंपरेत याला नेमके शब्द आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे सत्य काय ते ठरवण्यासाठी दोन पक्षांनी प्रमाणांच्या आणि तर्काच्या आधारे केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली, तिथे छळ वगैरे सगळी शस्त्रं चालतात; छळ म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम दुसराच अर्थ घेणं. आणि वितंडा म्हणजे स्वतःचा पक्षच न मांडता फक्त दुसऱ्याचा खोडत बसणं. रोजच्या मराठीत आपण 'वाद नको' म्हणतो तेव्हा आपल्याला जल्प नको असतो. पण या तीन शब्दांची भेसळ झाली आणि चांगल्या वादाचंही नाव खराब झालं. आयोजक म्हणतात, 'सर, वाद होईल असं काही नको.' आम्हाला वाटतं, वाद व्हावा म्हणून तर सभागृह उघडायचं.

या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. समोर दुसरा कोणी तरी आहे. प्रतिपक्ष नसेल तर ती चर्चाच नव्हे. हा निकष हाताशी ठेवून पुढे जाऊ.

आपल्याकडचे काही नमुने

पहिला नमुना रानड्यांचा. १८९२ साली त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. रानडे तेव्हा न्यायखात्यात, म्हणजे सरकारी नोकरीत. पुढच्याच वर्षी ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्या काळात सरकारचं आर्थिक धोरण एका सिद्धांतावर उभं होतं: खुला व्यापार, सरकारचा हस्तक्षेप नको, आणि हे नियम सगळ्या देशांना सारखेच लागू. कॉलेजांतून शिकवलं जायचं तेही हेच.

रानड्यांनी सरकारवर एकही घणाघाती शब्द न टाकता काय केलं? त्यांनी त्या सिद्धांताची गृहीतकं एकेक करून टेबलावर मांडली. माणूस स्वतःच्या लाभापुरताच विचार करतो. करार करायला दोन्ही बाजू मोकळ्या असतात. भांडवल आणि मजूर जिथे जास्त मिळेल तिकडे सरकतात. मग त्यांनी विचारलं, हे इथे खरं आहे का? इथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात बळकट आहेत, स्पर्धेपेक्षा रूढी बळकट आहे, करारापेक्षा जन्माने मिळालेली पायरी बळकट आहे, आणि भांडवल आणि मजूर जागचे हलत नाहीत. गृहीतकं लागू नसतील तर निष्कर्षही लागू नाहीत. मग उद्योग उभे करण्यात सरकारची जबाबदारी काय, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

या व्याख्यानाचं सामर्थ्य त्याच्या बांधणीत आहे. ज्याला ते खोडायचं असेल त्याला जागा ठेवलेली आहे. तुम्ही म्हणू शकता की रूढी रानडे म्हणतात तेवढी बळकट नाही, किंवा मजूर सरकतात, बघा गिरण्यांकडे. म्हणजे आपण कुठे बोट ठेवून हरकत घ्यायची, हे वक्त्यानेच दाखवलं आहे.

दुसरा नमुना डॉ. आंबेडकरांचा. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काळे स्मृती व्याख्यान म्हणून ते बोलले. विषय त्या दिवसाच्या राजकारणाचा, अगदी तापलेला: १९३५ च्या कायद्यातलं संघराज्य स्वीकारायचं की नाही. बाबासाहेब तेव्हा मुंबई विधानसभेचे सदस्य होते, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. म्हणजे तटस्थ अभ्यासक वगैरे काही नाही, उघड राजकीय पुढारी. आणि बोलावणारी संस्था संशोधनाची, धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक.

ते व्याख्यान पुढे 'फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम' या नावाने छापलं गेलं. त्याची रचना बघण्यासारखी आहे. आधी ही योजना कशी जन्मली, मग तिची घडण, मग तिचे अधिकार. हे सगळं कायद्याच्या कलमांच्या आधारे. त्यानंतर, टीका करण्याच्या आधी, एक पूर्ण भाग योजनेच्या समर्थकांच्या म्हणण्याला दिला आहे. त्यांचे तीन दावे: ब्रिटिश हिंदुस्थान आणि संस्थानं एका छत्राखाली येतील, संस्थानांतली एकतंत्री सत्ता हळूहळू लोकशाहीकडे वळेल, आणि केंद्रात जबाबदार राज्यपद्धती येईल. हे तिन्ही दावे मांडून मग एकेकाची झडती.

झडती कशी घ्यायची ते बघा. कायद्यानुसार केंद्रीय कनिष्ठ सभागृहात ३७५ जागा, त्यांपैकी १२५ संस्थानांच्या. वरिष्ठ सभागृहात २६० पैकी १०४. संस्थानांची लोकसंख्या देशाच्या साधारण एक चतुर्थांश, आणि जागा एकीकडे एक तृतीयांश, दुसरीकडे पाच भागांतले दोन भाग. बरं, या जागांवर बसणार कोण? संस्थानिकांनी नेमलेली माणसं. मग लोकशाही संस्थानांत जाणार, की संस्थानांतली नेमणूक केंद्रात येणार? हा प्रश्न ऐकणाऱ्याला टाळता येत नाही. ते संघराज्य पुढे अस्तित्वात आलंच नाही, संस्थानिक सामील झाले नाहीत आणि महायुद्ध सुरू झालं. पण त्या व्याख्यानाचं मोल त्याने कमी होत नाही. पूर्वपक्ष आधी, पूर्ण ताकदीने, आणि मग उत्तरपक्ष, ही शास्त्रग्रंथांची जुनी शिस्त, आणि ती एका पक्षनेत्याने चालू राजकारणावर बोलताना पाळली.

तिसरा नमुना विद्यापीठाबाहेरचा आहे, पण आयोजकांसाठी बोधप्रद आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषणाचा मसुदा आधी हातात आल्यावर मंडळी बिचकली. काही भाग गाळा म्हणाली. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद झाली नाही, आणि त्यांनी भाषण स्वतः छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आणि आपलं उत्तर, दोन्ही छापलं. दिलं न गेलेलं हे व्याख्यान. आणि तरी वादाची जागा त्यात शाबूत, कारण विरोधकाचं म्हणणं त्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यांमध्ये आहे.

आजची तीन रूपं

आता आजच्याकडे येऊ. शिक्षण धोरण, अर्थसंकल्प, निवडणुका, आरक्षण, शेतमालाचे भाव, या विषयांवर महाविद्यालयांत जी व्याख्यानं होतात त्यांची आम्हाला तीन रूपं दिसतात.

पहिलं रूप माहितीपत्रकाचं. धोरण ज्या शब्दांत लिहिलं आहे त्याच शब्दांत ते परत सांगायचं. समग्र, बहुविद्याशाखीय, लवचिक, विद्यार्थिकेंद्री. तासभर हे शब्द ऐकून माणूस बाहेर येतो आणि त्याला विचारलं, 'काय बदललं?' तर सांगता येत नाही. या रूपाची सरसकट टिंगल करू नये. तालुक्याच्या गावी शिक्षकांना आणि पालकांना धोरणात काय आहे हे कोणीतरी नीट मराठीत सांगण्याची गरज असतेच. पण माहिती सांगणं वेगळं आणि धोरणाने स्वतःबद्दल केलेली स्तुती सांगणं वेगळं. 'पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र मिळेल' ही माहिती. 'त्यामुळे विद्यार्थ्याला स्वातंत्र्य मिळेल' हा दावा. पहिल्यातून दुसऱ्यात वक्ता कधी घसरला ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. न्यायसूत्राच्या भाषेत बोलायचं तर इथे प्रतिपक्ष नाही, म्हणून ही चर्चाच नाही.

दुसरं रूप टाळीचं. वक्ता तळमळीचा असतो, भाषा चांगली असते, किस्से चपखल असतात. सगळं शिक्षण विकलं गेलं, सगळी माध्यमं विकली गेली, सगळे नेते चोर. किंवा त्याची उलटी आवृत्ती: साठ वर्षांत काहीच झालं नाही आणि आता सगळं होतंय. टाळ्या पडतात. कोणासाठी पडतात? बहुतेक वेळा जे आधीच सहमत होते त्यांच्याकडूनच पडतात. ही वितंडा आहे. दुसऱ्याचं खोडणं आहे, पण 'मग काय करायचं, त्याला किती पैसा लागेल, तो कुठून आणायचा' हे विचारलं की वक्ता म्हणतो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

बाजू घेणं हा मात्र दोष नव्हे. नानी पालखीवाला दर वर्षी मुंबईत अर्थसंकल्पावर बोलायचे, ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. त्यांची बाजू सर्वांना ठाऊक होती: मुक्त उद्योग, कमी कर. ती त्यांनी कधी लपवली नाही. त्यांच्याशी असहमत असणाऱ्यालाही करकायद्यातल्या तरतुदी समजून घरी जाता यायचं, कारण त्यांनी त्या वाचलेल्या असत. ती सभा एकतर्फी होती, पण प्रामाणिकपणे एकतर्फी होती.

तिसरं रूप तराजूचं. हे सर्वांत प्रतिष्ठित. एका बाजूला असं, दुसऱ्या बाजूला तसं, नाण्याला दोन बाजू असतातच, आणि शेवटी 'हे काळच ठरवेल'. ऐकायला समतोल वाटतं. इथे दोन पक्ष आहेत, पण निर्णय नाही, आणि निर्णयाकडे जाण्याचा रस्ताही नाही. न्यायशास्त्रात संशय हा एक पदार्थ आहे आणि निर्णय हाही पदार्थ आहे. संशयाशी थांबणारा अर्ध्या वाटेवर बसला. काळ काही ठरवत नाही, माणसं ठरवतात, आणि कशाच्या आधारे ठरवतात हे सांगणं हेच तर अभ्यासकाचं काम. वक्त्याला निर्णय देता येत नसेल तर त्याने निदान एवढं सांगावं: अमुक गोष्ट दिसली तर माझं मत इकडे झुकेल, तमुक दिसली तर तिकडे. तेवढ्याने तराजूला वजनं मिळतात.

एक उदाहरण करून पाहू

नुसते दोष काढून आम्हीही वितंडाच करू, म्हणून एक उदाहरण सोडवून बघू. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २९ जुलै २०२० रोजी मान्यता दिली. त्यावर व्याख्यान द्यायचं आहे. कसं द्यावं?

आधी वस्तुस्थिती. धोरण म्हणतं, शिक्षणावरचा सार्वजनिक खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सहा टक्क्यांपर्यंत नेऊ. हा आकडा नवा नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने तो मांडला. १९६८ च्या धोरणात आला, १९८६ च्या धोरणात आला, २०२० मध्ये पुन्हा आला. खुद्द २०२० चा दस्तऐवज कबूल करतो की २०१७-१८ मध्ये हा खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास होता. त्याच दस्तऐवजात असंही आहे की उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणीचं प्रमाण २०१८ मधल्या २६.३ टक्क्यांवरून २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. जवळजवळ दुप्पट मुलं, आणि पन्नासहून अधिक वर्षं न गाठलेलं खर्चाचं लक्ष्य. मुलं वाढली आणि सरकारी खर्च त्या प्रमाणात वाढला नाही तर फरक कोण भरणार? तीनच उत्तरं आहेत: फी वाढेल, किंवा शिक्षक कमी आणि कंत्राटी होतील, किंवा दर्जा घसरेल. चौथं उत्तर म्हणून ऑनलाइन शिक्षण पुढे केलं जातं. ते खरंच चौथं उत्तर आहे की तिसऱ्याचंच दुसरं नाव आहे, यावर वाद होऊ शकतो, आणि व्हावा.

इथे अर्थकारणाच्या व्याख्यानांसाठी एक पथ्य सांगून ठेवतो. 'यंदा शिक्षणासाठी विक्रमी तरतूद' हे वाक्य बहुतेक दर वर्षी खरं असू शकतं, कारण महागाईमुळे रुपयांतला आकडा बहुधा वाढतच असतो. प्रमाण किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. आणि गेल्या वर्षीची तरतूद प्रत्यक्षात खर्च किती झाली, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

यानंतर संकल्पना. धोरणात बहुप्रवेश-बहुनिर्गम आहे. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनी ऑनर्स किंवा संशोधनासह पदवी. मिळवलेली श्रेयांकं बँकेत ठेवल्यासारखी साठवायची, सात वर्षांपर्यंत, आणि परत येऊन पुढे शिकायचं.

पूर्वपक्ष आधी, पूर्ण ताकदीने मांडू. आजवर दोन वर्षं शिकून घरच्या अडचणीने कॉलेज सोडणाऱ्या मुलीच्या हातात काय पडायचं? काहीच नाही. नोकरीच्या अर्जात ती बारावी पासच. आता तिच्या हातात पदविका असेल आणि परत येण्याचं दार उघडं असेल. हा लाभ खरा आहे. जे या तरतुदीची नुसती खिल्ली उडवतात त्यांनी त्या मुलीला उत्तर दिलं पाहिजे.

आता उत्तरपक्ष. कॉलेज सोडण्याला आपण आजवर 'गळती' म्हणत होतो. तो शब्द टोचणारा होता, आणि टोचायलाच हवा होता. गळती म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: का गळली? फी परवडली नाही, एसटी वेळेवर नव्हती, लग्न ठरलं, शेतात हात कमी पडले. 'निर्गम' म्हटलं की तो प्रश्न विचारायचं कारण उरत नाही, कारण ती तिची निवड झाली. एकच मुलगी, एकच घटना, पण एका शब्दात ती व्यवस्थेचं अपयश आहे आणि दुसऱ्या शब्दात ग्राहकाची पसंती. हा शब्दच्छल नव्हे. आकडे गोळा करताना कोणता रकाना भरला जाणार, हे शब्दावर ठरतं, आणि पुढे पैसा कुठे जाणार हे रकान्यांवर ठरतं.

मग निर्णयाची कसोटी. वक्त्याने सांगावं की या तरतुदीचा न्याय दोन आकड्यांवर करू. पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडलेल्यांपैकी सात वर्षांत किती परत आले? आणि बाहेर पडणाऱ्यांत कोणत्या घरांतली मुलं आहेत? परत येणारे पुरेसे असतील आणि बाहेर पडणं सगळ्या थरांत सारखं विखुरलेलं असेल, तर पूर्वपक्ष जिंकला. परत कोणी येत नसेल आणि बाहेर पडणारे सगळे गरीब घरांतलेच असतील, तर गळतीला नुसतं प्रमाणपत्र चिकटवलं असं म्हणावं लागेल. आमचा स्वतःचा कल दुसरीकडे आहे, हे उघड सांगतो. पण आकडे उलट आले तर तो बदलावा लागेल, आणि ते आकडे मागणं हा आपल्या सर्वांचा हक्क आहे.

असं विचारणं नवीन नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच विचारलं होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या कष्टातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. कोण भरतो आणि कोणाला मिळतं, हा शिक्षण धोरणाचा पहिला प्रश्न आहे. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. तिथेही खर्च कोण उचलणार हा प्रश्न होता, आणि शिकून गरिबांची मुलं काय करणार ही धास्तीही होती.

गेल्या वर्षीचा भाषेचा प्रश्न आठवा. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करण्याचा शासन निर्णय आला. १७ जूनला तो सुधारला, 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला आणि दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस विद्यार्थ्यांची अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द केल्याची घोषणा झाली. अडीच महिन्यांत एवढं सगळं. त्या गदारोळात तीन वेगळे प्रश्न एकत्र झाले होते. सहा वर्षांच्या मुलाला एकावेळी किती भाषा झेपतात, हा बालशिक्षणाचा प्रश्न. महाराष्ट्रात मराठीचं स्थान काय, हा सांस्कृतिक प्रश्न. केंद्र आणि राज्य यांच्यात भाषेबाबत निर्णय कोणाचा, हा संघराज्याचा प्रश्न. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. हे तीन धागे सोडवून दाखवणं हे काम मोर्चाचं नाही, वाहिनीवरच्या चर्चेचंही नाही. ते विद्यापीठाच्या सभागृहाचं काम होतं.

सभागृहात कोण गप्प बसतं

आता सर्वांत अवघड गोष्ट. वक्ता उत्तम आहे, मांडणी चोख आहे असं धरू. तरी व्याख्यान फसू शकतं, कारण सभागृहच तसं असतं.

चित्र तुमच्या ओळखीचं आहे. पहिल्या रांगेत कुलगुरू किंवा प्राचार्य, संस्थाचालक, एखादे लोकप्रतिनिधी. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, परिचय, प्रास्ताविक, यात पाऊण तास जातो. मागच्या रांगांत दोन तास रद्द करून आणून बसवलेली मुलं, सह्यांचा कागद फिरतोय, कोणीतरी फोटो काढतंय, कारण नॅकच्या अहवालाला ते लागणार. शेवटी सूत्रसंचालक म्हणतो, 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत.' आणि अध्यक्षीय समारोपाला मात्र वीस मिनिटं सापडतात.

व्याख्यानाचा विषय समजा 'उच्च शिक्षणाचा दर्जा' असा आहे. या विषयावर सभागृहात सर्वांत जास्त माहिती कोणाला असते? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला. नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला, वर्षानुवर्षं तासांवर मोजून मानधन घेणारा, सुट्टीचे पैसे न मिळणारा, आणि पुढच्या वर्षी परत बोलावतील की नाही हे माहीत नसलेला माणूस भिंतीला टेकून उभा असतो. तो प्रश्न विचारेल का? पहिल्या रांगेत बसलेल्यांच्या हातात त्याची पुढच्या वर्षीची नेमणूक आहे. वेबरने ज्या विद्यार्थ्याची काळजी केली होती, जो गप्प बसायला बांधील आहे, तो विद्यार्थी आज प्राध्यापक होऊनही गप्पच आहे. अशा सभागृहात जाहीर व्याख्यान होत नाही. तिथे मोठा वर्ग भरतो.

कान्टने १७८४ च्या आपल्या निबंधात बुद्धीच्या खासगी आणि जाहीर वापरात फरक केला. अधिकारी म्हणून, पुरोहित म्हणून नेमून दिलेलं काम करताना माणूस बुद्धीचा खासगी वापर करतो, तिथे आज्ञा पाळावी लागते. तोच माणूस वाचकांच्या जगापुढे विद्वान म्हणून बोलतो तेव्हा तो जाहीर वापर, आणि त्यावर बंधन नको. दहा वर्षांनी, १७९४ मध्ये, राजाची ताकीद आली आणि कान्टने धर्मावर लिहिणं थांबवलं. राजा वारल्यानंतर, १७९८ मध्ये, त्याने विद्यापीठातल्या विद्याशाखांच्या झगड्यावर पुस्तक छापलं. म्हणजे हा फरक कागदावर स्वच्छ आहे, पण तो टिकण्यासाठी कोणीतरी तशी जागा राखावी लागते.

ती राखायला फार खर्च येत नाही. व्याख्यानाचा गोषवारा दोन पानं आठवडाभर आधी लावावा, म्हणजे लोक हरकती घेऊन येतील. वेळेचा अर्धा भाग प्रश्नांना द्यावा, आणि तो सत्कारांतून कापून घ्यावा. बिननावाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात आणि त्या निवडून न घेता आल्या तशा वाचाव्यात. वेगळ्या मताचा एक भाष्यकार आधीच नेमावा, त्याला वीस मिनिटं द्यावीत. मुलांची हजेरी घेऊ नये. चाळीस जण आले तर चाळीस. आणि शब्दांकन छापताना प्रश्नोत्तरंही छापावीत. व्याख्यान ऐकताना पटलेली गोष्ट पुष्कळदा एका नेमक्या प्रश्नाने हलते, आणि छापील मजकुरात तो प्रश्नच नसला तर वाचणाऱ्याची फसगत होते.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: विद्यापीठ सरकारी अनुदानावर चालतं. तिथल्या व्यासपीठावरून सरकारी धोरणावर टीका करणं योग्य आहे का?

उत्तर: अनुदान सरकार देतं, पैसा लोकांचा असतो. त्या लोकांत धोरण पटलेले आहेत तसे न पटलेलेही आहेत. म्हणून त्या व्यासपीठावर दोघांनाही जागा हवी. केवळ टीकाकारांनाच बोलावणारं विद्यापीठ आम्हाला तेवढंच अपुरं वाटेल. ज्या अधिकाऱ्याने धोरण लिहिलं त्याला बोलावा, आणि त्याला सांगा की प्रश्न घ्यावे लागतील. रानडे तर स्वतःच सरकारी नोकर होते.

प्रश्न: भाष्यकार नेमला तर वक्ते येतच नाहीत. नावाजलेले वक्ते तर मुळीच नाहीत. मग करायचं काय?

उत्तर: मग कमी नावाजलेले बोलवा. तुमच्याच जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी बाई असेल, तिने आपल्या तालुक्यातल्या पाच वर्षांच्या प्रवेशांचे आकडे मांडले असतील. तिला प्रवासखर्च आणि मानधन वेळेवर द्या, आणि तिला खोडू पाहणारा दुसरा प्राध्यापक शेजारी बसवा. मोठं नाव नसेल तर बॅनर लहान छापला तरी चालेल. मात्र त्या दोघांपैकी कोणी तासिका तत्त्वावर असेल, तर पहिली रांग त्या दिवशी मोकळी ठेवा.